पंपाचं नोझल

मंगळवार, पोळ्यानंतरचा. दिवेलागणीले.

आमचे हे सकाळपासून फवारणीच्या पंपाचं नोझल शोधून राह्यले. गोठ्यात पाह्यलं, खाटेखाली पाह्यलं, बैलांच्या झुलीही झटकल्या. मले दोनदा विचारलं, "नोझल पाह्यलं काय वं?" मी भाकर थापता थापता म्हटलं, "मले काय मालूम." खोटं बोलली. काल मीच काढून लपवलं. बोलली तं बोलली.

मागच्या फवाऱ्याले कपाशीची पऱ्हाटी ह्यायच्या खांद्याले लागली होती, अन् तोंडाले साधा दुपट्टाही नव्हता. रातभर उलट्या केल्या. डोळे गुंजेवानी लाल. सकाळी म्हणतात, "ऊन लागलं." ऊन लागल्यावर अंगाले औषधाचा वास येते काय?

निंबोळ्या मी उन्हाळ्याच्या शेवटी वेचल्या, वाळवल्या, पोतं भरून ठेवलं. कुटून, भिजवून, गाळून मारू म्हटलं, तं हसले. "तुह्या कडू पाण्यानं मावा मरते काय?" मरत नसन. पानाले तोंड तं लावत नाही.

"शेजाऱ्याचा फवारा झाला, त्याची सारी कीड आता आपल्या वावरात येईन," हे त्यायचं दुसरं. येऊ दे. मले कीड परवडते. ते लाल डोळे नाही परवडत.

नोझल निंबोळ्यांच्या पोत्यातच हाय, पार तळाशी. आज दोन खेपा त्या पोत्याले ठेचाळले अन् पायानं बाजूले सारलं. हात काही घातला नाही. ज्या दिवशी निंबोळ्या कुटाले बसतीन, त्या दिवशी सापडन.