इथे शैला नावाचं कोणी राहत नाही

सोम., ६ मार्च २००६

नवी वही. रिटायर झाल्यापासून वह्या लवकर संपतात. आज तूरडाळीच्या डब्यामागे लायब्ररीचं पुस्तक सापडलं, माल्टाचं गाईड. मी बिस्किटं शोधत होतो. मधुराने (यापुढे म.; बत्तीस वर्षं जुन्या बायकोचं नाव रोज पूर्ण कशाला लिहायचं) पुस्तक लपवावं, आणि तेही डाळीमागे? गोझो नावाच्या बेटाच्या पानात बसचं तिकीट, खूण म्हणून. तिकिटामागे म.च्या अक्षरात लांबलचक फोन नंबर. जिथलं तिथे ठेवलं. बघू या.

बुध., ८ मार्च

जेवताना सहज विचारलं, "यंदा कुठे जायचं का?"

म. म्हणाली, "मी मेमध्ये चार दिवस माल्टाला जाऊन येणार आहे. तुम्हाला कुठे आवडतं बाहेर?"

"कुणाबरोबर?"

"बघते."

बघते म्हणजे काय? माणूस एक तर कुणाबरोबर जातो, नाही तर एकटा जातो. दुसऱ्यांदा भात विचारला नाही, हेही नोंदवून ठेवतो.

मंगळ., १४ मार्च

म. दुपारी मराठी मंडळाच्या मीटिंगला म्हणून गेली. परत आली ती ओल्या केसांनी. पाऊस नव्हता. मी खिडकीतच होतो.

"केस ओले कसे?"

"धुतले."

मीटिंगमध्ये? शिवाय क्लोरीनचा वास. नॉटिंगहॅमच्या हॉस्पिटलात तीस वर्षं लोकांना भूल दिली. मला कोण भूल देतंय!

शुक्र., १७ मार्च

धागा हाती लागला. सकाळी साडेदहा, म. दुकानात गेलेली, फोन वाजला. बाई. इंग्रजी, पण इथल्या बाईचं नव्हे. "मे आय स्पीक टु शैला, प्लीज?"

म्हणालो, इथे शैला नावाचं कोणी राहत नाही. ती म्हणे, नंबर तर हाच दिलाय, मेमधल्या खोलीचं बोलायचंय. मी पुन्हा ठणकावून सांगितलं, नो सच पर्सन, आणि ठेवून दिला. ती सुरुवातीलाच "गोझो गेस्ट हाऊस" म्हणाली होती, हे ठेवल्यावर डोक्यात शिरलं.

म्हणजे म. बरोबर कुणी शैला आहे. आणि आमचा नंबर वाटत फिरते. कोण ही?

शनि., १८ मार्च

मंडळाची टेलिफोन यादी काढली. शैला एकच, ब्रिस्टलच्या परांजपेबाई. चार वर्षांत बोललो नव्हतो, तरी फोन लावला. मेमध्ये कुठे प्रवास वगैरे?

"अहो डॉक्टर, कसला प्रवास! दोन्ही गुडघे गेलेत. मी वरच्या बेडरूममध्येसुद्धा जात नाही."

मग चाळीस मिनिटं गुडघे.

म. चहा घेऊन आली. "कोण होतं?" "राँग नंबर," म्हणालो. तिने जरा जास्तच वेळ माझ्याकडे पाहिलं.

दुसरं मनात येतं ते लिहायला हात धजत नाही. शैला म्हणून बाई नसेलच. नावाआड भलताच कुणी... पंचावन्नाव्या वर्षी? काहीतरीच. पण मग केस ओले का? खरं सांगायचं तर घाबरलोय. चार दिवस जाण्याचं काही नाही. ती परत आली नाही तर?

रवि., १९ मार्च

म. बागेत. तेवढ्यात मेडनहेडला लेकीला, केतकीला, फोन केला. आडून आडून विचारलं, तुझ्या आईची शैला नावाची कुणी मैत्रीण?

"बाबा, आर यू सीरियस? शैला आईची नाव आहे!"

"आईचं नाव," मी सुधारलं. मग काय ऐकलं ते कळलं.

"लग्नाच्या आधीचा. मी दहा वर्षांची होते तेव्हा तिने सांगितलेला. तू कधी विचारला नाही? आणि ती स्विमिंग शिकते, ते तरी माहितीये ना? शी वॉन्ट्स टु गो इन द सी, बाबा."

तिचं व्याकरण सुधारायचं राहून गेलं.

माहेरी हिला सगळे बेबी म्हणत. लग्नपत्रिकेत मात्र शैला होतं, हे आत्ता आठवलं. आमच्या थोरल्या वहिनीही शैला. आई म्हणाली, एका घरात दोन शैला नकोत, घोटाळा होईल. वहिनींना मी जन्मभर वहिनी म्हटलं आणि हिला अगं. कसला घोटाळा होणार होता? ताटात तांदूळ पसरले होते, मी अंगठीने मधुरा लिहिलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. ही खाली ताटाकडे बघत होती. मला तेव्हा वाटलं, लाजतेय.

सोम., २० मार्च

ती बाहेर गेल्यावर बसच्या तिकिटावरचा नंबर फिरवला. म्हटलं, परवा चूक झाली. शैला इथेच राहते. मी तिचा नवरा.

बाई समजूतदार निघाली. खोली अजून ठेवलीय म्हणे. शैलाचाही फोन येऊन गेला, तिला तुमचा निरोप सांगितला.

निरोप! मेलो.

"सो, इज इट वन पर्सन ऑर टू?"

विचारून सांगतो म्हणालो. उद्या संध्याकाळपर्यंत कळवायचंय.

मंगळ., २१ मार्च

दुपारी ही ओट्याशी पाठमोरी, पिशवीत टॉवेल भरत होती. आज लपवाछपवी नाही. विचारायचं तर हाक मारायला हवी. तोंडात अगं आलं होतं, ते गिळलं.

"शैला."

हिचा हात थांबला. वळली नाही.

"कोण शैला?" म्हणाली. "इथे त्या नावाचं कोणी राहत नाही म्हणे."

हिने पिशवी खांद्याला लावली. दारातून म्हणाली, "पाचपर्यंत येते. भात लावून ठेवा."

तांदूळ ताटात काढले, निवडायला म्हणून. पाकिटातल्या तांदळात निवडण्यासारखं काही नसतं. अंगठी आता बोटातून निघत नाही, म्हणून बोटानेच लिहिलं. शैमधली मात्रा दोनदा चुकली.

पाच वाजून गेलेत. भात लावलेला नाही. ताट टेबलावर आहे.