घंटी वाजली की सुकट

१ ऑगस्ट, सकाळ. अष्टमी गाव, रोहा.
आमच्या कुत्र्याने, गब्ब्याने, काल पुन्हा माती खाल्ली. सरूचा भाऊ पुंडलिक पेणहून आला आणि दारातच गब्ब्याने चिखलाचे दोन्ही पाय त्याच्या पांढऱ्या शर्टावर ठेवले. प्रेमानेच. पण बायकोच्या भावाचा शर्ट. सरूने निकाल दिला: गणपतीपर्यंत माणसांच्या अंगावर उड्या मारणं थांबलं नाही, तर विसर्जनानंतर गब्ब्या पेणला जाणार, पुंडलिकच्या मूर्तींच्या कारखान्याची राखण करायला.
मी बिनधास्त हो म्हटलं. गब्ब्या गेला तर मला अन्न गोड लागायचं नाही. पण तशी वेळ येणार नाही. मी व्हिडिओ बघितलाय.

३ ऑगस्ट.
पद्धत सायंटिफिक आहे. काठी नाही, ओरडणं नाही. चारही पाय जमिनीवर आले की टिक् असा आवाज करायचा आणि लगेच खाऊ द्यायचा. टिक् करणारं यंत्र बाजारात मागितलं, दुकानदाराने गॅसचा लायटर दिला. परत केला. आवाज तो आवाज. देवघरातली छोटी घंटी घेतली. पूजा सकाळी असते, दिवसभर ती रिकामीच.
बिस्किटाला गब्ब्याने तोंड फिरवलं. सुकट दाखवली, तो बसलाच. घंटी, सुकट. घंटी, सुकट. एका दिवसात रिझल्ट.

५ ऑगस्ट.
श्रावण लागला. घरात मासळी बंद. सुकट स्कूटरच्या डिकीत हलवली, थोडी खिशात. सरूला सांगितलं नाही. बायकांना सायन्स समजावण्यात वेळ जातो.
धाटावला कंपनीच्या कॅन्टीनमध्ये माझ्या शेजारी कोणी बसलं नाही. गुणाजी तर ताट उचलून पार खिडकीशी गेला. ट्रेनर माणसाचा वचक पडतोच.

९ ऑगस्ट.
आज सरूने पूजेत घंटी वाजवली. गब्ब्या अंगणातून धावत येऊन देवघरासमोर बसला. मान वर, डोळे देवाकडे. सरूच्या डोळ्यांत पाणी. तिने त्याला साखर दिली. शेजारच्या विमलबाई बघायला आल्या. म्हणाल्या, "कुत्रा नाय गो सरू, मागल्या जन्मीचा कोण तरी साधू हाय."
स्वतःचं कौतुक स्वतः सांगू नये.

१८ ऑगस्ट.
किरकोळ अडचण. दूधवाला आला की गब्ब्या त्याच्या अंगावर चढतो. मी घंटी वाजवतो, तो उतरतो, सुकट खातो, माझ्याकडे बघतो आणि पुन्हा चढतो. म्हणजे उतरण्याचा सराव त्याचा तोच वाढवतोय. असा शिकाऊ लाखात एक.
दूधवाल्याने आजपासून पिशवी फाटकाला अडकवली. त्याला शिकायची इच्छा नाही.

१ सप्टेंबर.
रिवॉर्ड हळूहळू कमी करावा, असं व्हिडिओत होतं म्हणे. तो भाग मी पुढे ढकलला होता. आता ऐन परीक्षेच्या तोंडावर नको. गणपती झाल्यावर बघू.

७ सप्टेंबर, गणपती. संध्याकाळ.
थोडक्यात लिहितो. पुंडलिक पेणहून स्वतः मूर्ती घेऊन आला. नवा पांढरा झब्बा. आरतीला घंटी त्याच्याच हातात. गब्ब्या आला, शहाण्यासारखा बसला. विमलबाईंनी त्यालाही हात जोडले. मी सरूकडे विजयी मुद्रेने बघितलं.
एका आवाजाला एक सुकट, हा आमचा नियम. इथे घंटी थांबेना आणि सुकट येईना. त्यात दोन्हीकडच्या घरांत आरत्या सुरू. गब्ब्याने सगळीकडे बघितलं, मग पुंडलिकच्या छातीवर चढला. घंटी आणखी जोरात हलली. मग तो माझ्याकडे वळला आणि माझ्या झब्ब्याचा खिसाच फाडला. सेशन फसू नये म्हणून मटेरियल जवळ ठेवलेलं. सुकट थेट मोदकांच्या ताटात.
टाळ्या थांबल्या. सरूने घंटीचा वास घेतला. घंटीला वास येतो म्हणजे पितळच खराब निघालं, असं तिला श्रावणभर वाटत होतं.
गब्ब्याने ताट साफ केलं. चारही पाय जमिनीवर होते, पण हे कोणी लक्षात घेतलं नाही.

८ सप्टेंबर.
दीड दिवसाचं विसर्जन, कुंडलिका नदीवर. परत आल्यावर पुंडलिकने दोरी काढली. मी गब्ब्याला मिठी मारली. रडलो. विमलबाईंसमोर रडलो.
सरू म्हणाली, "दादा, दोरी ठेव. त्याचं काय चुकलं नाय. शिकवलं तसं केलं त्यानं. न्यायचं तर ह्यांना ने."
चेष्टा असेल असं वाटलं. पुंडलिकने माझी बॅग उचलली.

१० सप्टेंबर. पेण.
रजा शिल्लक होतीच, बदल हवाच होता, स्वतःहून आलो. कारखाना आवरायला घरचा माणूस बरा पडतो. दिवसा राखणही मीच करतो. पुंडलिकची बायको शकू भली आहे. काल न बोलता कोपऱ्यात बसलो, तर न मागता एक करंजी मिळाली. आज सकाळपासून तिथेच बसलोय.
दुपारी फोन लावला. गब्ब्या मजेत. घंटी कपाटात गेल्यापासून कोणाच्या अंगावर चढत नाही. सरूने विचारलं, तिकडे वहिनीला त्रास देत नाही ना. नाही म्हटलं. घरी कधी येऊ ते मी विचारलं.
म्हणाली, सुधारणा दिसली की बघू.