माणूस नसलेला फोटो

आबा, मी सोमवारी समुद्रावर निघालेय. सहा दिवस. दुकान बंद राहील. आधी हेच सांगून टाकते, म्हणजे तुमचं ओरडून झालं की पुढचं निवांत ऐकाल. तुम्ही गेलात त्या दिवशीसुद्धा कराडच्या आपल्या स्टुडिओला कुलूप लागलं नव्हतं. भरतीच्या अर्जाला फोटो पाहिजे म्हणून एक जण पायरीवर ताटकळला होता, आणि मी रडता रडता त्याला ‘हनुवटी खाली’ म्हणाले होते. त्याला सतरा वर्षं झाली. आता मात्र कुलूप लावणार.

काम काय ते सांगते. रत्नागिरीच्या खालच्या अंगाला एका जागी म्हणे डोंगरातलं रान सरळ समुद्रात उतरतं. घर नाही, दार नाही, वाटसुद्धा धड नाही. तिथं सांगलीच्या हौशी मंडळींनी फोटो काढायचं शिबिर घेतलंय. नवरा-नवरीचे फोटो नव्हेत. नुसत्या झाडांचे, खडकांचे, लाटांचे. इंजिनिअरिंग कॉलेजातले एक सर आपल्याकडं फोटो काढून घ्यायला आले होते, त्यांनी हा कागद ठेवला. म्हणाले, “बाई, अर्ज करा. तुमचा हात चांगला आहे.” मी चौथी शिकलेली. निम्मा कागद कळला नाही, म्हणून तो यांच्यापुढं टाकला. तुमचे जावई आता पलटणीतून पेन्शन घेऊन घरी आलेत, हवालदार होऊन, आणि इंग्रजी म्हटलं की ते आपल्यालाच कळतं असं त्यांचं मत आहे. चष्मा लावून त्यांनी ‘लँडस्केप’ एवढं वाचलं आणि थांबले. “लँड म्हंजे जमीन,” ते म्हणाले. “आन् एस्केप म्हंजे कैदी पळून जातो ते. जमीन सोडून पळून जानं.” मग चष्म्यावरून माझ्याकडं बघत, “हे कुनी तुलाच लिवलंय का गं?”

तेव्हापासून घरात लढाईची तयारी चाललीय. रोज सकाळी सगळं सामान पलंगावर ओळीनं मांडायचं आणि हे पाठीमागं हात बांधून ते तपासत येणार. कॅनव्हासचे बूट, टॉर्च, सुई-दोरा, आयोडीन. “दुश्मन कोन?” “खारी हवा,” असं मी म्हणायचं. “बंदोबस्त?” “प्लॅस्टिकच्या पिशव्या आन् भिंगाला मऊ फडकं.” मोठ्या कॅमेऱ्याची लाकडी तिपाई तर अंगणात उघडायला आणि मिटायला लावतात, हातात घड्याळ धरून. शेजारीण भिंतीवरून बघून रोज विचारते, “आज कवायत न्हाई का?” एकदा तिपाईत माझं बोट चेमटलं. मी ती तिथंच आदळून आत गेले, तर मागनं आवाज आला, “हत्यार टाकून जायचं न्हाई!” त्या दिवशी यांना भाकरी लय उशिरा मिळाली.

पण सामानाचं काय, ते कसंही भरता येतं. खरी गोम अर्जातल्या एका ओळीत होती. ‘तीन फोटो पाठवावेत. फोटोत माणूस नसावा.’ ते फोटो बघून कुणाला घ्यायचं ते ठरणार, आणि पोचायची मुदत पंधरा दिवसांची. ती ओळ ऐकली आणि पहिली तुमची आठवण आली. चांगली नव्हे.

मी चौदा वर्षांची आहे. पहाटे तुमचा कॅमेरा न विचारता उचलून मी संगमावर गेलेय, कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भिडतात तिथं, आणि धुक्याचा एक फोटो काढलाय. तुम्ही अंधाऱ्या खोलीतून बाहेर येता. हातात त्या फोटोची ओली काच. ती उजेडाकडं धरता, इकडून बघता, तिकडून बघता. “ह्यात मानूस कुठाय?” “न्हाई, आबा. धुकं हाय.” “मंग धुकं पुसून माझी काच परत दे.” दुकानात दोन गिऱ्हाइकं होती, ती हसली. तुम्ही नाही हसला. महायुद्धाचे दिवस होते, फोटोच्या काचा मिळत नव्हत्या, हे मला आता कळतं. तेव्हा एवढंच कळलं की माणूस नसेल तर तो फोटो नव्हे. त्यानंतर बत्तीस वर्षं मी माणसंच काढली. दाखवायच्या पोरी, भरतीचे गडी, दात पडलेले म्हातारे, खुर्चीत बसवून बांधलेली मढी. मढ्यांनासुद्धा मी सवयीनं ‘हलू नका’ म्हणायची, तुम्ही म्हणायचा तसंच. या सगळ्यांत माझा म्हणावा असा एक फोटो नाही, आबा. म्हणून मला जायचं होतं. नुसतं फिरायला नव्हे. जिथं कुणालाच हनुवटी खाली करायला सांगायचं नाही अशा जागी एकदा उभं राहायचं होतं.

पहिला फोटो माण तालुक्यात मिळाला, माळावरची एकटी बाभळ. एक मेंढरू सावलीतून उठेना, पण मेंढरू म्हणजे माणूस नव्हे. दुसरा आगाशिवाच्या डोंगरावरच्या ढगाचा. तिसऱ्यासाठी संगमावर चार दिवस गेले. कृष्णाकाठी सकाळच्या वेळी माणूस नसलेली वीतभर जागा शोधून दाखवा! कुणी आंघोळ करतंय, कुणी धुणं बडवतंय, आणि कॅमेरा दिसला की सगळी कामं टाकून ताठ उभी राहतात. एका बाईनं तर म्हशीलासुद्धा माझ्याकडं तोंड करून उभं केलं.

मुदतीला तीन दिवस उरले तेव्हा हे म्हणाले, “आपल्या गावाकडं चल. ऊस तुटलाय, रान मोकळं हाय.” एकाच फोटोपुरती फिल्म शिल्लक होती. थंडीत पहाटे जाऊन यांच्या चुलतभावांच्या शेतात तिपाई लावली. खाली नदी, वर धुकं, मधे एक लांब बांध आणि औषधालासुद्धा माणूस नाही. फार चांगलं दिसत होतं ते. पण धुक्यात कॅमेऱ्याच्या काचेवर फोकस धरायला काही ठळक दिसेना. तर हे म्हणाले, “थांब, निशाण देतो,” आणि एका काठीला लाल फडकं बांधून ती जाऊन बांधावर रोवली. पलटणीत शिकलेली अक्कल. आता तुम्हीच बघा. शेतात तिपाई, तिपाईपाशी काळं कापड पांघरून वाकलेलं कुणीतरी आणि बांधावर लाल निशाण. गावात याचा एकच अर्थ होतो.

“मोजनी आली!” अशी आरोळी आली आणि धाकटा चुलतभाऊ घोंगड्याची खोळ डोक्यावर घेऊन पळत आला. त्याच्या मागं थोरला. त्या दोघांचं त्या बांधावरून दहा वर्षं बोलणं बंद होतं. त्या सकाळी सुरू झालं.

“आवं वैनी, नोटीस न्हाई, काय न्हाई, आन् डायरेक्ट काठी?”

“मोजनी न्हाई रं,” हे ओरडले. “फोटू हाय.”

“कुनाचा?”

“कुनाचा न्हाई. जमिनीचा.”

“जमिनीचा फोटू!” थोरला म्हणाला. “म्हंजे कोर्टात लावायचा! ह्येनंच बोलावलंय तुमास्नी!”

“मी? बांध कोरतोस तू, आन् बोलावतोय मी?”

मी कापडाखाली होते. मोठ्या कॅमेऱ्याच्या काचेवर सगळं उलटं दिसतं, तुम्हाला माहीतच आहे. दोघं पाय आभाळात करून भांडत होते आणि खाली धुकं निघून चाललं होतं. सूर्य वर यायला लागला. मी बाहेर आले, फिल्म घातली आणि जीव खाऊन ओरडले. मला म्हणायचं होतं, ‘हटा तिथनं.’ तोंडातून निघालं, “हलू नका!”

आणि आबा, ते हलले नाहीत. तोंडातला शब्द तोंडात ठेवून दोघं जागच्या जागी ताठ झाले, खोळीत हात घेऊन, काठीच्या इकडं एक आणि तिकडं एक. ‘हलू नका’ म्हटल्यावर बत्तीस वर्षं माझा हात जे करतो तेच त्यानं केलं. शटरचा रबरी फुगा दाबला गेला. संपली फिल्म.

घरी येऊन फोटो धुतला. उजेड पाठीमागून होता, दोघं लांब आणि काळेभोर आले. पुसायला बसले. माझा ब्रश कसा चालतो ते तुम्हाला ठाऊक आहे, लग्नाच्या फोटोतून मी रुसलेल्या आत्या काढून टाकल्यात. पण ब्रश टेकवला आणि थांबले. काठी तेवढी पुसली. ते दोघं होते म्हणून ते रान मोकळं दिसत होतं. बोटानं झाकून बघितलं, तर नुसतं शेत राहत होतं. मग तो तसाच पाकिटात घातला. चुकीचा आहे हे माहीत असून घातला. म्हटलं, नाही तर नाही.

परवा सांगलीहून उत्तर आलं. यांनी उभं राहून मोठ्यानं वाचलं. ‘आपली निवड झाली आहे. तिसरा फोटो विशेष आवडला. बांधावरचे दोन वठलेले खुंट नेमक्या जागी धरल्यामुळे रानाचा एकांत जाणवतो.’ हे ‘खुंट’वर आले आणि खालीच बसले. हसून हसून चष्मा काढून डोळे पुसले. तेवढ्यावर राहतील कसले, गावाकडं जाऊन त्या दोघांना सांगून आले. थोरल्यानं म्हणे विचारलं, “खुंट कुनाच्या हद्दीत हायती, ते लिवलंय का?”

तर आबा, मी निघाले. सामान बांधून झालंय. हा कागद धाडायला पत्ता नाही म्हणूनच एवढं मोकळं लिहिलं. सांगलीला मात्र मी काही कळवलेलं नाही आणि कळवणारही नाही. तुम्ही असता तर मला पहिल्या एस.टी.त बसवून तिकडं पाठवलं असतं, ‘ती मानसं हायती म्हनून सांगून ये,’ आणि माझी जागा गेली असती. परवा ते पत्र हातात होतं तेव्हा मला वाटलं, तुम्ही नाही ते बरंच झालं. घडीभरच वाटलं. पण वाटलं.