टप्पा ठरायच्या आधी

इंदोरा, नागपूर
१३ मे २०२५

ती. आत्याबाईंस,
अपेक्षाचा सविनय जयभीम. वि. वि.

फोनवर तुम्हाला ऐकू येत नाही आणि बाबांसमोर मला हे ओरडून सांगायचं नाही, म्हणून लिहिते. बाबांच्या छातीतलं पाणी दोनदा काढलं, मग फासळ्यांमधून दुर्बीण घालून अस्तराचा तुकडा तपासायला दिला, हे तुम्हाला ठाऊकच आहे. त्याचा रिपोर्ट आला. मेसोथेलिओमा, म्हणजे फुफ्फुसाच्या अस्तराचा कॅन्सर. वीजघरात बाबांनी अठरा वर्षं वाफेच्या पाइपांना अस्बेस्टॉसचा लेप लावला, त्या धुळीमुळे इतक्या वर्षांनी हे झालं असं डॉक्टर मॅडम म्हणतात.

आता टप्पा ठरायचा आहे. मॅडमनी कागदावर छाती काढून दाखवली. आजार एका बाजूच्या अस्तरातच असेल तर पहिला टप्पा. जवळच्या गाठींत, छातीच्या भिंतीत शिरला असेल तर दुसरा-तिसरा. दूर यकृतात, हाडांत गेला असेल तर चौथा. ऑपरेशन होईल की नाही ते यावरच ठरेल. सीटी स्कॅनमध्ये सगळं कळत नाही, म्हणून काल पेट स्कॅन होता. त्यात शिरेतून किरणोत्सारी साखर देतात. आजार असतो तिथे ती जास्त ओढली जाते आणि चित्रात चमकते. त्याआधी सहा तास काही खायचं नाही.

आणि काल नेमकी बुद्धपौर्णिमा. बाबा सकाळी विहारात वंदनेला गेले आणि खीरदानाची खीर खाऊन आले. सेंटरवर बोट टोचून पाहिलं तर साखर दोनशे चाळीस. परत पाठवलं, आता वीस तारीख दिली आहे. बाबा म्हणाले, दानाच्या खिरीला काही नाही म्हणता येते का वं. या आठ दिवसांत आजार कुठवर जाईल, या भीतीने मला काही सुचत नाही. तुम्ही त्यांना दोन शब्द लिहा.

तुमची,
अपेक्षा

इंदोरा, नागपूर
१५ मे

ती. ताईस,
नागसेनचा जयभीम.

पोरीने तुला सगळं कळवलं असेलच, तिच्या पोटात काही राहत नाही. जिना चढताना दम लागतो, उजव्या कुशीवर झोपता येत नाही, बाकी ठीक.

एक गोष्ट तिला सांगितली नाही, तुला सांगतो. खीर मी चुकून खाल्ली नाही. उपाशी राहायचं हे मला पाठ होतं. वाढणाऱ्याने द्रोण पुढे केला तो मी घेतला, आणि दुसरा मागून घेतला. ताई, मला तो टप्प्याचा आकडा नको आहे. वॉर्डात माझ्या शेजारच्या खाटेवर मौद्याचे एक मास्तर होते. गोष्टीवेल्हाळ माणूस. त्यांचा टप्पा कळला आणि त्या दिवसापासून ते भिंतीकडे तोंड करून पडले. मी तीन मजले उंच पाइपांवर चढलो, कधी पाय कापले नाहीत. त्या मशीनच्या भोकात शिरायचं म्हटलं की कापतात. वीस तारखेलाही काही निमित्त काढावं असं मनात येतं.

अपेक्षाला यातलं काही कळू देऊ नकोस.

तुझा,
नागसेन

कुही
१८ मे

चि. नागसेन यास,
जयवंताची मंगलकामना.

तुझं पत्र दोनदा वाचलं, तेवढ्यात भाजी करपली. काहून गा असा करतो? साठी उलटली तुझी. अंगणवाडीत मी तीस वर्षं पोरांची वजनं केली. काट्यावर चढवलं की पोर रडायचं, आणि आकडा कमी येईल म्हणून आया पोर घरीच ठेवायच्या. वजन केलं नाही म्हणून पोर काही सशक्त होत नाही, हे त्यांना सांगून माझं तोंड दुखलं. आता तुला सांगते.

झाकली मूठ सव्वा लाखाची खरी, पण ती अब्रूची, आजाराची नाही. मलाही भीती वाटते रे. तू माझ्या पाठचा एकटाच उरला आहेस.

शेजारची नंदिनी उद्या नागपूरला येते आहे, तिच्या हाती हे पत्र देते. वीस तारखेला पहिल्या एसटीने मी येते आणि तुझ्या दाराशी बसते. चहाचा घोटसुद्धा मिळणार नाही.

तुझी,
ताई

इंदोरा, नागपूर
२ जून

ती. आत्याबाईंस,
सविनय जयभीम.

तुम्ही दाराशी बसलात म्हणून पेट स्कॅन झाला. यकृत, हाडं, डावी बाजू स्वच्छ निघाली. उजवं अस्तर चमकलं, ते चमकणारच होतं. पण दोन फुफ्फुसांच्या मधली एक गाठही चमकली. मॅडम म्हणाल्या, नुसत्या चमकण्यावर जायचं नाही, टीबीनेही गाठ चमकते. म्हणून श्वासनळीतून दुर्बीण घालून सुईने नमुना घेतला. पाच दिवस मी मनात म्हणत होते की टीबीच निघू दे. आपल्या बापासाठी टीबी मागणारी मुलगी मीच असेन.

टीबी नाही. गाठीत तोच आजार आहे. तिसरा टप्पा. ऑपरेशन नाही, पुढच्या सोमवारपासून सलाइनमधून औषधं. बाबांनी ऐकून घेतलं, चष्मा पुसला आणि मॅडमना विचारलं की सोमवारी जेवून यायचं की उपाशी.

काल त्यांनी खिरीचं माझ्याजवळ कबूल केलं आणि ते रडले. मी त्यांना काही सांगू शकले नाही, तुम्हाला सांगते. त्या सकाळी मी विहाराच्या दारात उभी होते. त्यांनी पहिला द्रोण घेतला तो मी पाहिला. हाक मारली असती तर थांबले असते. दुसराही पाहिला. मी हाक मारली नाही, आत्याबाई. मलाही तो आकडा नको होता.

आठ दिवसांच्या उशिराने टप्पा बदलला का, असं मी मॅडमना विचारलं. त्या नाही म्हणाल्या. तीन वेळा विचारलं, तिन्ही वेळा नाही म्हणाल्या. तरी उद्या परत विचारावंसं वाटतं.

हे वाचूनही माझ्यावरची माया राहिली असेल, तर तेवढं एका ओळीत कळवा.

अपेक्षा