तात्या तापतो तेव्हा

३ मार्च, मंगळवार

आज आई निळ्या पडल्या.

रात्र झालीय, आई झोपल्यात. पण लिहून टाकलं नाही तर डोळा लागायचा नाही.

कपडे वाळत घालायला गॅलरीत गेले होते. बस, एवढंच! चादरी होत्या म्हणून जरा वेळ लागला. बेल वाजली तर गॅलरीत ऐकू येते – नेहमी येते. वाजलीच नाही. आत आले तर आईंचे डोळे छताला लागलेले, ओठ जांभळे, घशात घुरघुर. कफ अडकला होता. आणि समोरचा स्क्रीन काळा. ठार काळा!

सक्शनची नळी मी कशी घातली, देव जाणे. नुसतं आई, आई, आई म्हणत होते. मग एकदाचा श्वास आत गेला, तो आवाज ऐकून मी खाली फरशीवरच बसले.

सगळं त्या मशीनवर आहे. आईंचे हात गेले, पाय गेले, जीभ गेली – राहिले ते डोळे. मशीनचा कॅमेरा डोळे बघतो, त्या ज्या अक्षराकडे बघतील ते उमटतं, आणि मग मशीन बोलतं. लाल चौकोनाकडे बघितलं की माझी बेल वाजते. आवाज पुरुषाचा! बाईचा आवाज कंपनीकडे नव्हता म्हणे. आईंनीच त्याचं नाव ठेवलं – तात्या. 'जन्मभर कुणाला माझ्या वतीनं बोलू दिलं नाही, आणि आता हा तात्या बसलाय तोंडी,' असं तात्याच्याच आवाजात म्हणाल्या होत्या.

हात लावला तर तात्याची पाठ तव्यासारखी. गेल्या आठवड्यातही असाच बोलता बोलता बंद पडला होता. तेव्हा मी हसले होते. तापट आहे म्हणाले.

थोड्या वेळाने बटण दाबलं, तेव्हा चालू झाला. आईंचं पहिलं वाक्य – 'कपडे घातलेस का सगळे?'

४ मार्च

कंपनीला फोन. वॉरंटीची मुदत संपलीय, मशीन वर्कशॉपला पाठवा, दीड महिना धरा. तोवर बदली मशीन? नाही मॅडम. पेशंटला बोलता येत नाही हो त्याच्याशिवाय! समजू शकतो मॅडम. काय समजता? कपाळ?

मग दादाला फोन केला. माझा भाऊ कॉम्प्युटर जोडून विकतो, त्यातच हयात गेली. त्याने फोनवरच तात्याचा आवाज ऐकला. पंखा कसा घरघरतोय ऐक म्हणाला. "प्रोसेसरवरची पेस्ट वाळली असणार, तायडे. आतली चिप तापते, वर तांब्याची पट्टी असते उष्णता ओढून न्यायला, आणि दोघांच्या मध्ये ही पेस्ट. ती वाळली की मधे हवा राहते. उष्णता जाणार कुठे? मग मशीन जीव वाचवायला स्वतःच बंद होतं."

स्वतःचा जीव वाचवायला! आणि आईंचा?

"जुनी काढून नवी लावायची. चांगली घट्ट पाठवतो. पातळ लावली की गरम-थंड होऊन कडेने निघून जाते, वर्षात परत तेच रडगाणं. घट्ट टिकते."

कोण लावणार? "तू." मी आयुष्यात मिक्सरचा प्लगसुद्धा बदललेला नाही. तुझ्या गावात कुणी मेकॅनिक नाही का, म्हणाला. नर्स सिस्टरांना आईंपाशी बसवून दोन दुकानांत जाऊन आले. एकाने मशीनचा फोटो बघितला आणि हातच जोडले. दुसरा म्हणाला, ठेवून जा, बघतो. ठेवून कशी जाऊ? आईंची जीभ काउंटरवर ठेवून येऊ?

५ मार्च

खोलीतून हलले नाही. आंघोळ दार उघडं टाकून. भाजी त्यांच्या पलंगाशी बसून चिरली. दर थोड्या वेळाने स्क्रीनकडे बघायचं, मग ओठांकडे, मग छातीकडे. सकाळी सिस्टर येतात तेवढाच वेळ मी मान सैल सोडते.

संध्याकाळी आईंनी मला हाक मारली. तात्या म्हणाला, 'सूनबाई, तुला एक सांगायचं –' आणि बंद! पंखा कोकलून थांबला. आईंचे डोळे तसेच स्क्रीनवर. मी धावत जाऊन आधी त्यांचे ओठ बघितले, मग बटण दाबलं.

चालू झाल्यावर विचारलं, काय सांगायचं होतं?

'काही नाही. डाळ करपतेय.'

खरंच करपत होती.

६ मार्च

पेस्ट आली नाही. कुरिअरवाल्याला दोनदा फोन केला.

७ मार्च

ह्यांचा जहाजावरून फोन. नेटवर्क येत-जात होतं. मी सांगितलं, उघडणार आहे. तर एकदम चढले – "तू काहीही उघडू नकोस! आईचा आवाज कायमचा गेला तर? कोण जबाबदार?"

मी म्हटलं, मीच. इथे दुसरं आहे कोण?

ओरडले नाहीत मग. "मी तिथं असतो तर..." आणि फोन कटला. असता तर तुम्हीही घाबरला असता, एवढं सांगायचं राहिलं. बरं झालं राहिलं.

फोन स्पीकरवर होता हे नंतर लक्षात आलं. आईंनी सगळं ऐकलं. तात्या म्हणाला, 'त्याला लहानपणी बल्ब बदलायचीही भीती वाटायची.' मी हसले. मग गॅलरीत जाऊन रडले – दार उघडं ठेवून, त्यांच्याकडे तोंड करून.

८ मार्च

पेस्ट आली! सिरिंजमध्ये करड्या रंगाची, भिंतीला लावायच्या पुट्टीसारखी. दाबली तर बाहेरच येईना. एकदम आली ती गोळाच. दादाने व्हिडिओवर बघितलं. "घट्ट आहेच ती, म्हणून तर पाठवली. सिरिंज कोमट पाण्यात धर जरा, मऊ पडेल. मग चपटी पट्टी घेऊन पसरायची. पातळ थर. लोणी लावतेस तसं नाही, लोणी पुरवायचं असतं तसं!"

स्टीलच्या वाटीच्या बुडावर सराव केला. पहिल्यांदा ओरखडे. दुसऱ्यांदा पट्टीला चिकटून सगळं सोलून आलं. आई बघत होत्या. 'दात घासायची आहे का?' मी म्हटलं, घासू का तुमचे? 'माझे राहिलेत किती.'

बऱ्याच वाट्या बिघडवल्यावर एक थर सारखा बसला. दादा म्हणाला, "आता तुला भिंत रंगवायला पण बोलावतो."

पण वाटीला आवाज नसतो. बिघडली तर घासता येते.

९ मार्च

करायचंच होतं. केलं नाही. स्क्रूड्रायव्हर खाचेत लावला आणि परत डब्यात ठेवून दिला. सिस्टरांना म्हटलं उद्या. त्यांनी पाठीवर हात ठेवला.

आईंना सांगायला गेले तर डोळे मिटलेले. जाग्या होत्या, मला कळतं. त्यांच्याकडे दार नाही लावून घ्यायला, म्हणून डोळे लावून घेतात.

१० मार्च

झालं. सगळं क्रमाने लिहिते.

सिस्टर आईंपाशी बसल्या, हातात पुठ्ठ्यावर लिहिलेली अक्षरं – तोवर आईंनी डोळ्यांनी दाखवायला. मी बाहेर जेवणाच्या टेबलावर. पांढरी चादर अंथरली – स्क्रू पडले तर दिसावेत. फोन डब्याला टेकवून उभा केला, त्यात दादाचं नाक आणि अर्धा चष्मा.

तात्याला बंद करायच्या आधी आईंना विचारलं, करू ना? 'कर. घाबरू नकोस.' हे तात्याचे शेवटचे शब्द ठरले तर? हाच विचार डोक्यात घेऊन बटण दाबलं.

पाठ उघडली. आत धूळ – पंख्यात लोकरीच्या नमद्यासारखी बसलेली. आधी बॅटरीची पिन काढली. मग तांब्याच्या पट्टीचे स्क्रू, त्यांवर आकडे कोरलेले. उलट क्रमाने, थोडे थोडे. पट्टी उचलेना. "ओढू नकोस! हलकेच गोल हलव." कट्ट आवाज आला. मी ओरडलेच. दादापण ओरडला. तुटलं काही नव्हतं, वाळलेल्या पेस्टने धरून ठेवलं होतं.

खाली प्रोसेसर. एवढासा! नखाएवढा, त्यावर भेगाळलेली राखाडी माती. आईंचं सगळं बोलणं ह्याच्यातून जातं? स्पिरिट लावून पुसला. पुसता पुसता आरशासारखा झाला, त्यात माझा डोळा दिसायला लागला. पाणी प्यायले.

मग पेस्ट. सिरिंज कोमट केली होती तरी घट्टच. थोडी ठेवली, पसरायची पट्टी आडवी धरली, हलकेच ओढली. एका कोपऱ्यात सोललं. दादा म्हणाला, पुसून परत कर, घाई नाही. तेवढ्यात आत सक्शनचा आवाज. मी उठलेच! सिस्टर आतून ओरडल्या, "मी आहे! तुम्ही तुमचं करा!" तसाच हात हवेत धरून उभी राहिले, आवाज थांबेपर्यंत. मग बसले. दुसऱ्यांदा नीट बसलं. कडेकडेपर्यंत, सारखं.

तांब्याची पट्टी परत ठेवली, स्क्रू आवळले – एक इकडचा, एक समोरचा. बॅटरी लावली. पाठ बंद. आईंच्या समोर नेऊन उभा केला आणि बटण दाबलं.

चालू झाला. पंखा गप्प. आणि पडद्यावर अक्षरं – 'डोळे सापडत नाहीत.'

आई टक लावून बघतायत, आणि ते म्हणतंय डोळे सापडत नाहीत! मी मारलं त्यांना, हेच डोक्यात. दादा फोनमधून ओरडत होता, "कॅमेऱ्याची वायर सुटली असेल, तायडे, ऐकतेस का, रडू नंतर!" परत टेबल, परत स्क्रू. कागदासारखी पातळ वायर, खरंच अर्धवट बाहेर. दाबून बसवली.

परत चालू. दोन ठिपके दिसले. त्यांचे डोळे!

आई भाजीबाजारात लिलाव पुकारायच्या. बाई असून पुकारते म्हणून लोक बघायला यायचे, आवाज फाटकापर्यंत जायचा. खूप वेळ एकेक अक्षर उमटत राहिलं. मग तात्या म्हणाला – 'एक वार. दोन वार. तीन वार. सूनबाईच्या नावे!'

सिस्टर रडल्या. दादाचा चष्मा धुरकटला. मी नाही रडले. माझ्यात काही उरलंच नव्हतं.

११ मार्च

दिवसभर चालू, पाठ जेमतेम कोमट. आई बोलतच होत्या – बाजारातल्या गोष्टी, सासऱ्यांच्या खोड्या. मग मला हुकूम: 'जा, कपडे घालून ये.'

गेले. एक टॉवेल घातला आणि पळत आले. परत गेले. परत आले. पेस्ट बदलली, माझी भीती काही बदलली नाही.

'सारखी काय पळतेस?'

मग फुटलंच माझं. म्हटलं, आई, त्या दिवशी मी चादरी झटकत बसले. मशीन तापतंय हे माहीत असून बाहेर गेले. तुम्ही लाल चौकोनाकडे बघत राहिला असाल, आणि तो काळा पडला असेल, आणि मी बाहेर! माझ्यामुळे गेला असतात तुम्ही.

आईंनी डोळे मिटून घेतले. रात्रीचं भरवून होईपर्यंत उघडलेच नाहीत.

१२ मार्च

सकाळी सिस्टर गेल्यावर आईंनी बोलावलं. एकेक अक्षर, न थांबता.

'त्या दिवशी तात्या तापून बंद पडला नव्हता. मी बंद केला. स्क्रीनच्या कोपऱ्यात बंद करायचं बटण आहे, त्याच्याकडे बघितलं. तू गॅलरीत गेल्यावर. यापुढे बेल वाजवायची नाही, असं ठरवून. तुझी चूक नाही.'

आणि मग – 'कफ आला तेव्हा घाबरले. तुला बोलवायचं होतं. डोळ्यांनी तो चालू होत नाही.'

मी त्यांचा हात धरून बसले. तात्या परत बोलला.

'ते बटण काढून टाक.'

दादाला फोन करून कसं काढायचं ते विचारलं. कशासाठी, ते सांगितलं नाही.

काढलं.