कोहळ्याचे आठ वेल आणि पहिलं शील

१० जुलै २०२५, गुरुवार
आजपासून वर्षावास. संध्याकाळी विहारात, सगळ्यांसमोर उभं राहून, दोन गोष्टी जाहीर केल्या. एक, पुढचे तीन महिने पहिलं शील शंभर टक्के पाळणार. एकही जीव मारणार नाही, डाससुद्धा. दोन, ५ ऑक्टोबरला समारोपाचं भोजनदान आहे, त्यातली कोहळ्याची भाजी माझ्या घरामागच्या वेलांची. माणसं सव्वाशे. बाजारातून एक फोड आणायची नाही.
टाळ्या झाल्या. दरवर्षी माझ्याकडे काम पंखे आणि माइकचं. मोटर वाइंडिंगवाला, त्याच्याकडे दुसरं काय मागायचं? यंदा कळेल नागसेन तायडे काय आहे ते.

१३ जुलै, रविवार
मोजणी. वेल ८. सर्वांत लांब ६ फूट ४ इंच. वेलाला चार कोहळे, कोहळ्याला पाच किलो, एकूण १६० किलो. गरज २५ किलोची. उरलेल्या १३५ किलोचं काय करायचं, हा प्रश्न आहे.
धम्मदीपचा फोन. माझ्या बायकोचा, दीपमालाचा भाऊ, अकोल्याला असतो, शेतकीची डिग्री. म्हणाला, भाऊजी, पानं उलटी करून पाहत जा, अंडी तिथंच असतात. त्याला शांतपणे सांगितलं की वाइंडिंग मी कोणाकडून शिकलो नाही, जळालेल्या तीन मोटरी उघडून शिकलो. वेल म्हणजे तरी काय, मोटरच. करंटऐवजी रस फिरतो.

२७ जुलै, रविवार
पानांखाली तांबूस मणी सापडले. ओळीत, एकाला एक चिकटून, मधे केसभर फट नाही. इतकी सफाई मी फक्त माझ्याच कॉइलमध्ये पाहिली आहे. फोटो काढला. वेल खूश आहे असा अंदाज.
दीपमाला म्हणाली, अवं हे अंडे आहेत. धम्मदीपचीच बहीण. अंडी इतकी टापटीप नसतात.

३ ऑगस्ट, रविवार
अंडी होती.
ढेकूण आहेत. तांबडे, पाठीवर काळं, करंगळीच्या नखाएवढे. पानाला सोंड लावून रस ओढतात. हात लावला की असा वास सोडतात की जेवताना दीपमालाने माझं ताट अंगणात दिलं.
शेजारचे अय्युबभाई भिंतीवरून बघत होते. त्यांच्याकडेही दोन वेल आहेत. म्हणाले, नागसेनभाऊ, सुबह सुबह सुस्त रहते, पकडो और साबण के पानी में डालो, दो दिन में खेल खतम. मी शिलाचं सांगितलं. ते म्हणाले, ढेकनाले माहीत आहे का हे?
प्लॅन: पकडून सोडणे. बरणी, रबरी हातमोजे, झाकणाला भोकं. आज ४३ पकडले. मागच्या रिकाम्या प्लॉटमध्ये सन्मानाने सोडले.

१० ऑगस्ट, रविवार
आज पुन्हा ४४. तेच परत येतात की नवे, हे शास्त्रीय पद्धतीने ठरवायला हवं. ११ ढेकणांच्या पाठीवर दीपमालाची नेलपॉलिश लावून प्लॉटमध्ये सोडले.
संध्याकाळपर्यंत त्यांतले ७ परत. ४ आले नाहीत. म्हणजे ३६ टक्के यश, तेही पहिल्याच दिवशी.
दीपमालाने बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं.

१७ ऑगस्ट, रविवार
विहारात लीलाबाईंनी थांबवलं. वय सत्तरच्या पुढे, सगळा जन्म दुसऱ्यांच्या मळ्यात भाजी पिकवण्यात गेला, समारोपाच्या स्वयंपाकाचं सगळं त्यांच्याकडे. म्हणाल्या, बापू, मी आयकलं तू ढेकनं पोसून राहिला. खाण्यासाठी पीक राखनं येगळं अन् जीव घ्यायची हौस येगळी. हे तुले समजत नाई का?
मी म्हणालो, शंभर टक्के म्हणजे शंभर टक्के. वाइंडिंगमध्ये दहा फेरे कमी पडले तरी मोटर तापते.
त्या म्हणाल्या, मंग तापू दे. आणि तांदूळ निवडायला बसल्या.
शिक्षण नसलं की असं होतं.

२४ ऑगस्ट, रविवार
चूक सापडली. अंतर कमी पडत होतं. तांब्याची तार आणायला अकोल्याला जायचंच होतं, म्हणून ६१ ढेकूण बरणीत घालून एसटीने निघालो. अकोल्याहून अमरावतीला चालत परत यायची कोणाची टाप नाही.
बरणीची भोकं हवेसाठी मोठी केली होती. बडनेऱ्यापर्यंत सगळं ठीक. पुढे समोरच्या बाईंच्या अंबाड्यावर एक दिसला. मी सांगितलं, घाबरू नका, हे शाकाहारी आहेत. त्याने परिस्थिती सुधारली नाही. कंडक्टर म्हणाला, काका, हे काहून घेऊन फिरून राहिले तुमी? मी शिलापासून सुरुवात केली. त्याने बेल मारली.
मूर्तिजापूरला उतरवलं.
रिझल्ट: ६१ पैकी ६१ स्थलांतरित. शहर फक्त बदललं. तार राहिली.

७ सप्टेंबर, रविवार
ढेकूण कमी वाटतात (आज २९). नवीन निरीक्षण: दुपारी वेल मान टाकतात, संध्याकाळी उठतात. तहान. पाणी डबल केलं.
खोडाशी बारीक भोक आणि पिवळसर ओला भुसा. खत पचवून चोथा बाहेर टाकत असावेत. पचन उत्तम.

१४ सप्टेंबर, रविवार
दीपमालाने मला न विचारता धम्मदीपला व्हिडिओ कॉल लावला आणि मोबाइल थेट खोडाजवळ नेला. तो म्हणाला, भाऊजी, खोडात अळी आहे, आतून पोखरून राहिली. ब्लेडनं खोड उभं चिरा, अळी काढा, चिरेवर माती चढवा, नवीन मुळं फुटतील. आजच करा.
उपाय वाईट नाही. पण ब्लेड अळीला लागलं तर? म्हणून कॉइल सोडवायच्या बोथट पट्टीने, भिंग लावून, एकेक खोड उघडलं. साडेपाच तास. जिवंत अळ्या ७, जखमी ०. वेलांना थोडं लागलं.
अळ्यांचं काय करायचं? त्यांना जगायला खोड पाहिजे. आठवा वेल त्यांना देऊन टाकला.
अय्युबभाई भिंतीवरून म्हणाले, क्या बात है, क्वार्टर अलॉट किया. आणि घरात जाऊन बायकोला सांगितलं. फरजानाभाभींचं हसणं इथपर्यंत आलं.

२१ सप्टेंबर, रविवार
पाच वेल गेले. माती चढवायची राहून गेली होती. धम्मदीपने ते नीट ठासून सांगायला हवं होतं.

२८ सप्टेंबर, रविवार
शिल्लक वेल १. कोहळे ३. वजन काट्यावर: ९००, ७००, ५०० ग्रॅम. एकूण २ किलो १००. सव्वाशे माणसांत माणशी जवळजवळ १७ ग्रॅम. चवीपुरतं होतं. भाजी नाही म्हणता येणार नाही.
दीपमाला म्हणाली, आज तरी लीलाबाईले सांगून टाका, बाया ऐन वेळी काय करतीन? मी म्हणालो, सात दिवस आहेत. कोहळा शेवटच्या आठवड्यातच भरतो. असं कुठे वाचलं, विचारू लागली. वाचलेलं नाही. माझं आहे.

४ ऑक्टोबर, शनिवार. सकाळी साडेसहा
शेवटचा वेल बसला. कोहळे तिन्ही उचलले. बोट आत गेलं.
सगळे ढेकूण भिंतीवर आले होते. पानच नाही तर जाणार कुठे? एक माझ्या मनगटावर चढला. इतके दिवस ज्यांना हाताने उचलून सोडलं, त्यांतलाच एखादा. माझ्याकडे बघत होता असं वाटलं.
चप्पल काढली.
किती, ते मोजलं नाही.
मागे वळलो तर दारात दीपमाला. तशीच आत गेली. अय्युबभाई भिंतीपलीकडून म्हणाले, अब काय को मारते भाऊ, अब बचाने को है क्या तुम्हारा?

४ ऑक्टोबर, सकाळी दहा
भिंत धुतली. शील तांत्रिकदृष्ट्या ८६ दिवस पूर्ण पाळलं गेलं आहे.
लीलाबाईंना फोन लावला. लागला. ठेवून दिला.

५ ऑक्टोबर, रविवार
समारोप. भंतेजींनी विचारलं, वर्षावासात कोणी काही विशेष संकल्प केला होता का. सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. उभा राहिलो. एकाही जिवाला, एवढं म्हणालो आणि पुढचा शब्द येईना. सव्वाशे माणसं वाट बघत होती. दीपमाला चटईकडे बघत होती. शेवटी म्हणालो, काल सकाळपर्यंत. आणि बसलो. टाळ्या झाल्या नाहीत. कोणी हसलंही नाही.
पंगत बसली. भाजी वांग्याची. मोठं पातेलं काठोकाठ भरलेलं, वर तर्री. लीलाबाई स्वतः वाढायला आल्या. मी खाली मान घालून विचारलं, कोहळ्याचं तुम्हाला दीपमालाने कळवलं का? काल ठरलं का वांग्याचं?
म्हणाल्या, नाई बापू. वांगे जुलैतच ठरले. तू बोलून खाली बसला, तवाच.
दोनदा घेतली.