पिवळ्या तांदळाची वाट

हैदराबाद, २५ सप्टेंबर २०१४

तीर्थस्वरूप बसम्मा मावशीस,
मालविकाचा नमस्कार. गुडघे कसे आहेत? लातुरात क्लासची पोरं फार वाढली, खानावळीत दोनदा कणीक मळावी लागते, असं तुझा लेक गुरुबसप्पा फोनवर सांगत होता. भूकंपात गाव गेल्यावर तू आमच्यासारख्या क्लासच्या पोरींना जेवू घालून घर उभं केलंस. मी त्या भाकरीवर इथवर आले.

माझ्या तांदळाचं विचारलंस ना? त्यात दुसरीकडची जनुकं घातली आहेत. तो खाल्ला की अंगात अ जीवनसत्त्व तयार होतं. आपल्याकडच्या भरघोस पिकणाऱ्या वाणाशी आम्ही त्याचा संकर करत गेलो, पिढ्यामागून पिढ्या. दाणा सोलला तर झेंडूसारखा पिवळा! पहिल्यांदा तळहातावर घेतला तेव्हा तूच आठवलीस.

गुरुबसप्पा आणखीही बोलला. शिवलीला दिवेलागणीला उंबऱ्याला अडखळते, समोरचं ताट चाचपडते. तो लेकीला दवाखान्यात न्यायला निघाला, तर तू म्हणालीस, "कशाला? आपली मालू डोळ्याचाच तांदूळ करून राहिली. येऊ दे की." तेव्हापासून घास गिळवत नाही.

मावशी, तो तांदूळ येणार नाही. दाणा पिवळा झाला, पण रोपं खुजी राहिली, झुडपासारखी पसरली, लोंब्या पोचट. नवं जनुक अशा जागी बसलं की झाडाची वाढच मोडली. असलं बी कोण पेरील? काल ते वाण सोडून द्यायचं ठरलं. मी शेताच्या बांधावर बसून रडले. पुन्हा सुरुवात करू, पण त्याला वर्षं लागतील. शिवलीलाच्या डोळ्यांना तेवढी उसंत नाही.

मूठभर तरी पाठव, म्हणशील. परवानगीवाचून दाणाही बाहेर नेता येत नाही. आणि तिला आत्ता औषधच हवं. गुरुबसप्पानं हे वाचून संपवलं की चपला घाल आणि तिला सरकारी दवाखान्यात ने. माझी वाट पाहू नकोस.

तुझ्या हातचं खाल्लेली,
मालू


लातूर, १० ऑक्टोबर २०१४

मालूस आशीर्वाद.
मी सांगून राहिले, गुरुबसप्पा लिहून राहिला. तुझं पत्र ऐकून लई राग आला. म्हनलं, येवढं शिकून पोरीला तांदूळ बी जमंना! पन चपला घातल्या. डाक्टरनं डोस पाजला. म्हनला, "आज्जी, अजून थांबला असता तर बुबुळच गेलं असतं." तवा पोरीला पोटाशी धरलं.

काल सांजच्याला पोरगी मांडीवर बसून म्हनली, "आज्जी, तुझे केस किती पांढरे झाले!"

रोपं खुजी निघाली म्हनून तू उपाशी बसू नको. दिवाळीला ये. भाकर टाकते, भात करनार न्हाई.

रुसले न्हाई.
बसम्मा